रत्नपालच्या नावाचं कार्ड

मला एका जागी फार वेळ बसवत नाही. पायाला भिंगरी बांधूनच जन्मली ही, असं माय म्हणते. आणि नशीब बघा, नोकरी मिळाली ती स्टुलावर बसून मासोळ्या पोहताना बघायची. गोंदियाच्या बाहेर, धानाच्या गोदामांच्या ओळीत एक छोटं संशोधन केंद्र आहे. तिथं दोनशे काचपेट्यांत दीड-दोन हजार मासोळ्या आहेत. त्यांची दाई मी, वॉर्डन मी आणि परीक्षकही मीच.

आमच्या गावात, दवनीवाड्यात, कोणी विचारलं, तुमची रंजिता काय करते, तर माझी माय, भागीरथा, सांगते, "हार्टाच्या दवाखान्यात आहे." मासोळ्यांचं नाव काढत नाही. एवढी शिकवली आणि शेवटी मासोळ्या राखायला बसवली, असं लोक म्हणतील याची तिला धास्ती.

तशी ती खोटंही बोलत नाही. या मासोळ्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या, अंगावर निळे पट्टे. अंड्यातून निघालेलं पिल्लू मात्र काचेसारखं आरपार असतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याचं काळीज चालताना दिसतं, रक्ताचा कण न कण पुढं सरकताना दिसतो. माणसाचं काळीज घडवणारी बरीचशी जनुकं मासोळीतही असतात. म्हणून एखाद्या घरात काळजाचा आजार पिढ्यान् पिढ्या उतरत असेल, तर त्या घरातला जनुकाचा बदल मासोळीत घडवायचा आणि पुढं काय होतं ते बघायचं, हे आमचं काम.

ते घर माझंच आहे.

बाबांचे थोरले भाऊ सेवकराम, आमचे मोठेबाबा, एकोणचाळिसाव्या वर्षी कबड्डी खेळताना पडले ते उठलेच नाहीत. माझे बाबा, देवीदास, बेचाळिसाव्या वर्षी धानाच्या लावणीच्या, रोवण्याच्या दिवसांत डोक्यावर रोपांचा, म्हणजे पऱ्ह्यांचा भारा घेऊन बांधावरून येत होते, तिथंच गेले. आत्याचा प्रफुल्ल सव्विसाव्या वर्षी मित्राच्या वरातीत नाचता नाचता गेला. तिघंही धडधाकट. गावानं तिघांची तीन कारणं लावली. एकाला हवा लागली, एकाला ऊन लागलं, आणि प्रफुल्ल प्यायला असेल. प्रफुल्ल दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. तसं बोलणाऱ्यांचा मला अजून राग आहे.

आमच्या केंद्राचे प्रमुख डॉक्टर खेमराज बिसेन यांनी आमच्या घरातला तो बदल शोधून काढला. एका जनुकात एका अक्षराचा फरक, बस. ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मला मिळालाय. दोन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हापासून मी रोज सकाळी गोळी घेते, जड उचलत नाही, सुटलेल्या बसमागे धावत नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच आहे, पण भोगतेय.

तोच बदल सरांनी मासोळ्यांत घडवला. बदलवाल्या आणि बिनबदलाच्या मासोळ्या एकाच पाण्यात, एकाच खाण्यावर वाढतात. नुसत्या बघून कोणती कुठली ते मलाही सांगता येत नाही. मग त्यांना एका काचेच्या नळीत सोडायचं आणि समोरून पाण्याचा जोर वाढवत न्यायचा. मासोळी प्रवाहाविरुद्ध पोहते. जोर वाढला की आणखी जोरात पोहते. बिनबदलाची दमते आणि मागच्या जाळीला टेकते. तिला काढून पेटीत सोडली की थोड्या वेळानं फिरायला लागते. बदलवालीही तशीच पोहते, अगदी तशीच, आणि मध्येच थांबते. काही पुन्हा हलत नाहीत. मी वहीत वेळ लिहिते आणि पुढची सोडते.

माझा धाकटा भाऊ रत्नपाल. पोलीस भरतीची तयारी करणारा. गावात तशी तीस पोरं आहेत, पण हा वेडा आहे. पहाटे चारला कालव्याच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावायचं, घड्याळ बघायचं, पुन्हा धावायचं. तीनदा एका-दोन गुणांनी हुकला. यंदाची भरती त्याच्या वयात बसणारी शेवटची.

मागच्या आषाढात घरातल्या अकरा जणांचं रक्त तपासायचं ठरलं. जाड कागदाचं कार्ड असतं. बोटाला सुई टोचून त्यावर चार थेंब टिपायचे, वाळवायचे, बस. घरच्यांचे नमुने मी घ्यायचे नाहीत असा नियम. म्हणून गावच्या आशा कार्यकर्ती सावित्रीबाई यांनी कार्डं गोळा केली. दिवाळीत बिसेन सरांनी बोलावून सांगितलं, "रत्नपाल के कार्ड में बदल नहीं. जाओ, मिठाई खिलाओ." माझा जीव भांड्यात पडला. पेढे घेऊन गेले आणि रत्नपालला मीच म्हणाले, "धाव बाबू. आता पाहिजे तेवढा धाव."

हे मी म्हणाले. हे विसरता येत नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी मी अकराव्या मासोळीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियात रत्नपालची धाव होती, म्हणून मी सकाळपासूनच स्टुलावर टिकत नव्हते. तेवढ्यात सरांनी हाक मारली. त्यांचा चेहरा बघून मी दारातच थांबले.

"बैठो," सर म्हणाले.

"उभीच बरी. काय झालं?"

"आधी आपण कार्डांत फक्त तो एकच बदल पाहिला होता. आता सगळे नमुने पूर्ण तपासून आले." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "रत्नपालच्या नावाचं कार्ड बाईमाणसाचं आहे. आणि ते तुझ्या आईच्या कार्डाशी तंतोतंत जुळतं. कार्डं दोन, माणूस एक."

मी कागद तीनदा वाचला. आई बाहेरच्या घरातून आलेली. तिच्यात तो बदल असण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे दिवाळीला ज्याचे पेढे वाटले तो निकाल मायचा होता. रत्नपालचा निकाल कोणालाच माहीत नव्हता.

"त्याची तपासणी आज होईल का?"

"नमुना आज घेऊ. उत्तर यायला आठ-नऊ दिवस. सोनोग्राफी केली तरी या वयात काही दिसेलच असं नाही, तुला माहीत आहे." सरांनी चष्मा काढला. "धाव कधी आहे?"

"उद्या सकाळी सहाला."

मी तिथूनच सावित्रीबाईला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता तिच्यावर तुटून पडले. तीही ऐकून घेणारी नाही. "माह्यावर काऊन ओरडून राहिली?" ती म्हणाली. "रोवण्याचे दिवस, घरी कोण सापडते? मी कार्ड देली, सुया देल्या. सांजच्याला गेली तं तुह्या मायनंच दोनी कार्डं माह्या हाती देली. तिलेच विचार जाऊन."

रत्नपालला फोन लावला तर बंद. चार वेळा, दहा वेळा, बंद. स्कूटी काढली आणि दवनीवाड्याला निघाले. रस्त्यात तीन ठिकाणी थांबून पुन्हा लावला. बंदच.

माय शेतात, धानाच्या बांधीत होती. उन्हाळी धानाचा रोवणा चालू होता, घोट्याच्या वर चिखलात वाकलेली. मी बांधावरूनच ओरडले, "माय, रत्नाच्या कार्डावर रक्त कोणाचं?"

ती सावकाश सरळ झाली. हात धुतले. बांधावर आली. मला वाटलं नाकबूल करेल. तिनं ताड्‌कन सांगून टाकलं.

"माह्या. मंग? पोरगा दिवसरात धावून राहिला होता. एकेक अंडं खाऊन रक्त करून राहिला. अन् तुमी आल्या सुया घेऊन. भरतीच्या पोराचं रक्त काढतेत का कोणी? एका थेंबान एक सेकंद मागं पडते."

"कोणी सांगितलं तुले?"

"सारेच सांगतेत. त्याचे दोस्त बी सांगतेत. तोच म्हटला, माय मी नाई देत. मंग मी म्हटली, तू जा धावाले, मी पाहतो. माह्या रक्त का अन् त्याच्या का, एकच तं आहे. नऊ महिने मीच वागवली त्याले."

मला हसावं की डोकं फोडून घ्यावं ते कळेना. चार थेंब! एवढ्याशा थेंबांसाठी हिनं लेकाचा जीव टांगणीला लावला होता. आणि लावला तोही वाचवायच्या नादात.

"माय," मी म्हणाले, "त्याच्यात अर्धं तुझं आहे. अर्धं बाबांचं आहे. आमाले ते बाबांचंच अर्धं पाहायचं होतं."

मग तिच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला. ती बांधावर बसली.

"मंग त्याच्यात आहे का ते?"

"माहीत नाही."

"नसन तं?"

"नसेलही."

"अन् असन तं?"

ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल. कुठं आहे तो?"

तेच तर ठाऊक नव्हतं. भरतीची पोरं आदल्या दिवशी गोंदियात येऊन कोणाच्या तरी खोलीवर थांबतात. घरची कटकट नको म्हणून फोन बंद ठेवतात. मी आणि मायनं संध्याकाळपर्यंत मैदानाच्या भोवतालच्या खोल्या पालथ्या घातल्या. एकेका खोलीत दहा-दहा पोरं, चादरी पसरून, पायांना तेल चोळत बसलेली. कोणी बालाघाट नाक्याकडं बोट दाखवी, कोणी स्टेशनकडं. आम्ही तिकडं जाऊन परत येऊ. माय मागं बसून एकच विचारत होती, "आता कुठं?" आणि मी तिच्यावर खेकसत होते. शेवटी गोंदियातल्या माझ्या खोलीवर गेलो. ती जेवली नाही, मीही नाही.

पहाटे पाचला आम्ही मैदानाच्या तारेच्या कुंपणाशी होतो. आत रांगा लागल्या होत्या. पांढरे-निळे गंजीफ्राक, छातीला क्रमांक, पोरं उभ्या उभ्या उड्या मारत होती. रत्नपाल दुसऱ्या रांगेत दिसला. सहाशे चौदा नंबर. मी हाक मारली. तो आधी हसला, मग मायला बघून त्याचं हसू गेलं. शिपायाला विचारून तो कुंपणाशी आला.

मी एका दमात सगळं सांगितलं. कार्ड, माय, निकाल. तो ऐकत होता आणि पाय हलवत होता, गरम राहावे म्हणून.

"म्हणजे माह्यात आहे, असं तुमाले माहीत नाई," तो म्हणाला.

"नाही, असंही माहीत नाही. नऊ दिवस थांब. फक्त नऊ दिवस."

"नऊ दिवस भरती थांबते का? आज नाई धावलो तं बाहेर. पुढच्या खेपेले वय गेलं." त्यानं कुंपणाची तार धरली. "दिवाळीले तूच म्हटली ना, धाव? आता म्हणतेस, थांब. मी का तुही मासोळी आहो का, पाणी कमी-जास्त करून राहिली?"

"रत्ना, मोठेबाबा, बाबा, प्रफुल्ल."

"माहीत आहे मले," तो ओरडला. "मी रोज धावून राहिलो ना? दोन वर्षं झाले. काई झालं का?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. नळीतल्या मासोळ्याही कालपर्यंत रोज पोहतच असतात. पण ते मला त्याच्या तोंडावर म्हणवेना. आतून शिट्टी वाजली, सहाशेचा गट पुकारला. तो वळला आणि चालू लागला.

मला वाटलं, आता आत घुसून कोणाला तरी सांगावं, याला थांबवा. पाय निघालेही. पण माझ्या आधी माय ओरडली.

"साहेब! ओ साहेब! त्याच्या रक्त तपासलाच नाई! कार्डावर माह्या रक्त आहे! माह्या!"

रांगा वळल्या. कोणाला काही कळलं नाही, पण म्हातारी ओरडतेय म्हटल्यावर पोरं हसायला लागली. कोणीतरी शिट्टी मारली. रत्नपाल लालबुंद होऊन परत कुंपणाशी आला.

"माय, चूप बस. इज्जत घालवून राहिली तू माही."

माय चूप बसली नाही. फक्त तिचा आवाज खाली आला. तिनं तारेतून हात घालून त्याच्या गंजीफ्राकची कड धरली.

"त्या दिवशी तुह्या बापाले मी हाकलली," ती म्हणाली. "पाणी भरून राहिला होता बांधीत, पऱ्हे सरले होते. मी म्हटली, पाय उचल, जल्दी आण, बाया बसून राहिल्या. तो म्हटला, छातीत कसंतरी होते. मी म्हटली, ढोंगं नको करू. तो धावत आला. माह्या बोलण्यान धावत आला तो."

हे तिनं सोळा वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"आता तुले बी मीच धावाले लावली," माय म्हणाली. "चार थेंब वाचवली ना तुहे. नको रे बाबू."

आत रत्नपालचा नंबर दोनदा पुकारला गेला. तिसऱ्यांदा पुकारला तेव्हा त्यानं छातीवरचा कागद काढला, शिपायाच्या हातात दिला आणि फाटकातून बाहेर आला. आमच्याकडं न बघता तो समोरच्या टपरीवर जाऊन बसला. आतमध्ये सहाशेचा गट धावायला लागला होता. त्यानं पाठ फिरवून घेतली.

त्याच दिवशी केंद्रात सिस्टरनं सर्वांसमोर त्याचं रक्त घेतलं. त्यानं हात पुढं केला, बाजूला बघितलं, उठून गेला. पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते मासोळ्यांना विचारा. चुकीच्या पेटीत खाणं टाकलं, दोन नळ्या फोडल्या, वहीत एकच वेळ दोनदा लिहिली. सर शेवटी म्हणाले, तू घरी जा. घरी जाऊन काय करू? तिथं तो आहे.

दहाव्या दिवशी कागद आला. रत्नपाल देवीदास. बदल नाही.

मी आधी हसले. मग स्टोअररूममध्ये जाऊन रडले, आणि रडताना मला समजत होतं की या रडण्यात आनंद निम्माच आहे. त्याच्या काळजाला काही होणार नव्हतं. त्या सकाळीही झालं नसतं.

दवनीवाड्याला पोचले तेव्हा तो अंगणात पाण्याच्या मोटारीचा पट्टा बसवत होता. माय पायरीवर बसली होती. सांगायचं कसं याचा मी सगळ्या रस्त्यानं विचार केला होता, पण शेवटी उभ्या उभ्याच म्हणाले, "नाही आहे तुझ्यात."

मायनं दोन्ही हात कपाळाला लावले. मग तिच्या अंगात जुनी भागीरथा परत आली. "मी म्हटली नव्हती? एकच रक्त आहे म्हणून. मंग मी खोटं कुठं देली?"

"माय, तू आत जा," मी म्हणाले. ती गेली नाही.

रत्नपाल पट्टा ओढत होता. हात न थांबवता म्हणाला, "म्हणजे मी धावलो असतो."

"हो."

"पाच मिनिटं वीस सेकंदांत सोळाशे काढून राहिलो होतो मी. लागलो असतो."

"हो, लागला असतास."

त्यानं पाना खाली टाकला. डोळे भरले होते, पण आवाज शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. "तुह्या मासोळीले तं तू मरेपर्यंत पळवतेस, ताई. तिच्यात आहे का नाई, हे माहीत नसतानाच पळवतेस. मलेच काऊन थांबवली?"

त्याला समजावायला माझ्याकडं खूप होतं. निम्मी शक्यता, तीन मरणं, चुकीचं कार्ड. सगळं खरं. त्यातलं काहीच त्याची वर्दी परत आणणारं नव्हतं.

"मासोळी थांबली की मी वहीत वेळ लिहिते, रत्ना," मी म्हणाले, "आणि नळीत दुसरी सोडते. तुझ्या जागी सोडायला मले दुसरा भाऊ नाही."

तो पाना उचलून पुन्हा पट्ट्याशी झटत बसला. पट्टा सारखा निसटत होता. चौथ्यांदा निसटला तेव्हा मी न विचारता खाली बसले आणि दुसरं टोक धरलं. त्यानं मला हटवलं नाही.